जॅस्परचे लाकडी ओठ

गेला महिनाभर मी जॉर्ज पाल यांचे जुने ‘पपेटून’, म्हणजे लाकडी बाहुल्यांचे लघुपट, एकेक चौकट थांबवून पाहतो आहे. स्टॉप मोशनची आवड असलेल्या माणसाने ते असेच पाहावेत, कारण त्यांतली कारागिरी वेगात दिसत नाही. एरवी या पद्धतीत बाहुली एकच असते. तिचा हात किंचित हलवायचा, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचे. (दादासाहेब फाळके यांचा ‘आगकाड्यांची मौज’ आठवा, तिथे बाहुलीच्या जागी आगकाड्या होत्या.) पाल यांची रीत निराळी होती. ते बाहुली वाकवत नसत, बदलत असत. पाऊल टाकायचे असेल तर त्या पावलाच्या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे पाय कोरलेले असत. ‘आ’ म्हणायला एक डोके आणि ‘ओ’ म्हणायला दुसरे. सात-आठ मिनिटांच्या चित्रपटासाठी असे हजारो लाकडी भाग घडवले जात. त्यामुळे पडद्यावर लाकूड रबरासारखे ताणले जाते, आक्रसते, उसळते. या तंत्रासाठी पाल यांना १९४४ च्या सोहळ्यात ऑस्कर देणाऱ्या अ‍ॅकॅडमीचा विशेष पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता, असे मी आजही म्हणेन.

पण याच संग्रहात जॅस्पर आहे. १९४२ पासून पुढची काही वर्षे पाल यांनी या लहानग्या कृष्णवर्णीय मुलाच्या गोष्टींची मालिका काढली. अमेरिकेच्या दक्षिण भागातले खेडे, घरी दरडावणारी आई आणि जॅस्परला भुलवून फसवणारे एक बुजगावणे व त्याचा काळा पक्षी, असा तो संसार. मुलाचा चेहरा कोळशासारखा, डोळे पांढरेशुभ्र आणि वाटोळे, ओठ निम्मा चेहरा व्यापतील इतके जाड. एका लघुपटाचा विषय तर जॅस्परला पडणारा कलिंगडांचा मोह एवढाच आहे. गुलामगिरी संपल्यानंतर मुक्त झालेल्या अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी कलिंगडे पिकवून आणि विकून आपल्या हक्काचे चार पैसे मिळवले. पुढे त्याच फळाला आळशीपणाचे आणि हावरटपणाचे चिन्ह बनवून त्यांची टर उडवली गेली, हे ठाऊक असेल तर तो लघुपट हसत पाहणे कठीण होते.

अशा वेळी एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो, की आशय वाईट असला तरी कला वेगळी काढून पाहावी. चौकटी थांबवून पाहताना मला हा युक्तिवाद पटेनासा झाला. जॅस्परचे तोंड उघडते तेव्हा ज्या सफाईचे मी कौतुक करतो, ती सफाई म्हणजेच ते ओठ आहेत. प्रत्येक उच्चारासाठी कोणीतरी लाकूड हातात घेऊन तो अपमान नव्याने कोरला, घासून गुळगुळीत केला आणि रंगवला. तो चेहरा त्यांनी खऱ्या मुलाकडे पाहून घेतलेला नाही. एकोणिसाव्या शतकात गोरे नट जळालेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत, त्या मुखवट्यावरून तो आलेला आहे. कारागिरी आणि कुचेष्टा एकाच लाकडात असताना वेगळे काय काढणार?

‘त्या काळी असेच होते’ हे दुसरे उत्तर तर मला मुळीच मान्य नाही. ज्या १९४२ साली जॅस्पर पडद्यावर आला, त्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे नेते वॉल्टर व्हाइट हॉलिवूडमध्ये जाऊन स्टुडिओंच्या प्रमुखांशी बोलत होते आणि आपल्या लोकांना केवळ विदूषक व नोकर म्हणून दाखवणे थांबवा, असा आग्रह धरत होते. पुढे जॅस्परवरही थेट टीका झाली. ज्यांची थट्टा होत होती त्यांना ती तेव्हाही झोंबत होती. ‘त्या काळी’ म्हणताना आपण फक्त हसणाऱ्यांचा काळ मोजतो, हे मला फार खटकते.

पाल यांच्याविषयी मला राग नाही, दुःख आहे. हा माणूस हंगेरीतला. बर्लिनमध्ये काम करत असताना नाझी सत्तेवर आले आणि १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे नेदरलँड्समध्ये त्यांनी फिलिप्ससाठी जाहिरातींचे बाहुलीपट केले आणि तिथून ते अमेरिकेला गेले. १९४२ मध्येच त्यांनी ‘ट्यूलिप्स शॅल ग्रो’ हा लघुपट केला. त्यात नट-बोल्टांची यांत्रिक फौज डच प्रेमिकांच्या पवनचक्क्या आणि फुलांचे ताटवे चिरडत जाते आणि शेवटी पावसात गंजून पडते. ज्याने हे केले त्याला माणसांना तुच्छ लेखण्याचा परिणाम समजावून सांगण्याची गरज नव्हती. तरीही त्याच वर्षी, त्याच हातांनी जॅस्पर घडला. परक्या देशात आलेल्या माणसाने तिथली तयार चित्रे तपासून न पाहता उचलली असावीत, असा माझा अंदाज आहे. त्याने घटनेचा उलगडा होतो, समर्थन होत नाही.

आणि म्हणूनच १९४६ चा ‘जॉन हेन्री अँड द इंकी-पू’ मला इतका महत्त्वाचा वाटतो. लोहमार्गावर घण चालवणाऱ्या, यंत्राशी शर्यत लावून ती जिंकणाऱ्या आणि त्या श्रमाने प्राण सोडणाऱ्या जॉन हेन्रीची ही कृष्णवर्णीयांची लोककथा. तिला रेक्स इंग्रॅम या कृष्णवर्णीय नटाचा धीरगंभीर आवाज आहे. इथला नायक उंच, रुंद खांद्यांचा, देखणा आहे. त्याचे ओठ माणसाचे ओठ आहेत. जॅस्परवर टीका झाली होती, तरी कृष्णवर्णीय वाचकांच्या ‘एबनी’ मासिकाने या लघुपटाचे मनापासून स्वागत केले. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि २०१५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. स्टुडिओ तोच, लाकूड तेच, बदलण्याच्या डोक्यांची पद्धतही तीच. म्हणजे वेगळा चेहरा कोरणे शक्य होते. मनात आणले तेव्हा तो कोरला गेला.

जॅस्परचे लघुपट कुलूपबंद करावेत, असे मी म्हणत नाही. ते कापून-छाटून सोज्वळ करण्याला तर माझा ठाम विरोध आहे, कारण मग काय घडले होते याचा पुरावाच उरत नाही. परंतु ‘जुन्या जमान्यातली गंमत’ म्हणून ते लहान मुलांसमोर एकटे ठेवणेही मला चुकीचे वाटते. मुले चेहरे फार लवकर शिकतात.

पुढच्या रविवारी आमच्या घरी काही मित्र हे लघुपट पाहायला येणार आहेत. आधी ट्यूलिप्स, मग जॅस्पर, मग जॉन हेन्री असा क्रम मी ठरवला आहे. जॅस्पर पहिल्यांदा तोंड उघडेल तिथे चित्र थांबवायचे, ती चौकट सगळ्यांना नीट पाहू द्यायची आणि मगच पुढे जायचे.