जादा तासांनी हे भागणार नाही

लेख वाचला. सेमी-इंग्रजीतली मुलं गणितात मागे पडतात, म्हणून त्यांचे जादा तास घ्या, असं तुम्ही सुचवलंय. मला पटलं नाही. तासगावात संध्याकाळी चार-पाच पोरं माझ्याकडे अभ्यासाला बसतात, त्यावरून सांगतो.

परवा सहावीतल्या एकाला गणित होतं : 'बाय हाऊ मच इज ४५ ग्रेटर दॅन २८?' पठ्ठ्यानं 'ग्रेटर' बघितलं आणि बेरीज करून ७३ लिहून मोकळा. म्हटलं, तुझ्याकडं बेदाण्याच्या ४५ पेट्या, माझ्याकडं २८, तुझ्या किती जास्त? वही न उघडता '१७' म्हणाला! वर 'असं विचारलंय व्हय!' हेही. आता याचं गणित कच्चं म्हणायचं का?

शब्दच घात करतात. 'व्हॉल्यूम' म्हणजे त्याला मोबाइलचा आवाज, 'टेबल' म्हणजे सरांसमोरचं. घरी आजी 'पाऊण, सव्वा, दीड' बोलते, पुस्तकात 'थ्री फोर्थ'. 'पाऊण' आणि 'थ्री फोर्थ' एकच, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. (२०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' आणलं तेव्हा आपण केवढा गदारोळ केला! इथं मात्र सगळे गप्प.)

मी आता उदाहरण आधी मराठीत बोलून घेतो, मुलालाच ते आपल्या शब्दांत सांगायला लावतो, मग इंग्रजी वाक्य. आकडे सोपे करत नाही. वेळ जातो, पण 'अधिक की वजा?' विचारणं कमी झालंय.

आणि कर्नाटकाच्या सीमेवरच्या जतच्या कन्नड बोलणाऱ्या पोरांचं काय? त्यांना तर मराठीसुद्धा शाळेतच भेटते.