दहा नंबरच्या पान्याच्या बोल्टवर इम्पॅक्ट गन कशाला?

बंपरवर फॉग लॅम्पचा ब्रॅकेट लावायचा, की पुन्हा तेच! ठोके देत आवळणारी ही गन लावली, की एम ६ बोल्ट (६ मिमी जाडीचा, डोक्याला दहा नंबरचा पाना) टचकन तुटतो, अर्धा वेल्डनटमध्येच, म्हणजे पत्र्याला वेल्ड केलेल्या नटात. अहो, त्याला आवळायला जेमतेम १० न्यूटन-मीटर जोर पुरे. पहिले तीन आटे हातानंच फिरवा. अडला तर उलटा काढा, आटे वाकडे चढलेत. आणि तुटल्यावर घाई कसली? गंज सोडवणारं तेल मारा, अर्धा तास थांबा. तुटका भाग कानशीनं सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा, ३ मिमी ड्रिल सरळ धरा, मगच इझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार. तो आत मोडला तर साधं ड्रिल नुसतं घसरतं, इतका तो कडक असतो! मग बहुतेकदा वेल्डनट कापूनच काढावा लागतो. वर काही जण काढलेला गंजका बोल्टच परत कोंबतात. संताप येतो!