सही करा, पॅकेज नको

पंधरा लाखांपर्यंतच्या भांडवलाची कंपनी नोंदवायला सरकारची फी शून्य. हे वाचून मी हुरळले आणि दीड महिना घालवला. आज डोकं फिरलंय, म्हणून लिहिते.

मी आणि माझी जाऊ कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरात कांदा-लसूण चटणी करतो. मिरच्या निवडण्यापासून कांडपापर्यंत सगळं आमच्या हातचं. एक मोठा दुकानदार म्हणाला, प्रायव्हेट लिमिटेड असाल तरच माल ठेवतो. ठरवलं, फॉर्म आपणच भरायचा. जीएसटीचं रिटर्न मीच भरते, हे का जमू नये?

फॉर्मवर लागणाऱ्या डिजिटल सहीलाच पहिली ठेच. जावेच्या आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं. पॅन दुरुस्त होऊन येईपर्यंत तीन आठवडे गेले. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या बायका या देशात काय चार-दोनच आहेत?

मग कंपनीचं नाव. हजार रुपये भरा, दोन नावं सुचवा. दोन्ही नाकारली तरी हजार परत नाहीत. मिळालं तर वीस दिवसांत बाकीचा स्पाइस प्लस, म्हणजे कंपनी नोंदणीचा, फॉर्म भरून मोकळे व्हा. आमचं मिळालं, आणि नेमकं तेव्हाच लाईट बिल आडवं आलं. पत्त्याला दोन महिन्यांच्या आतलं बिल आणि घरमालकाचं संमतीपत्र लागतं. बिल आजही सासऱ्यांच्या नावावर, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. गेलेल्या माणसाची संमती कुठून आणायची? वारसांचे कागद जमवले. सासूबाईंनी स्वयंपाकघरातच थरथरत्या हातानं सही केली, कागदावर मिरचीचं लाल बोट उमटलं, म्हणून दुसरा कागद काढून परत सही. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला असं दोनदा बसवताना मला लाज वाटली.

रात्री अकरा वाजता अर्धा भरलेला फॉर्म पोर्टलनं किती वेळा बाहेर फेकला ते सांगत बसत नाही.

खरा संताप पुढं आहे. सगळं भरून झालं आणि कळलं की कंपनी कायदा 2013 च्या कलम 7 प्रमाणे शेवटचं प्रतिज्ञापत्र सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), कॉस्ट अकाउंटंट किंवा वकिलानंच द्यायचं. मी संचालक, भांडवल माझं, पण नुसत्या माझ्या सहीवर कंपनी होत नाही. बरं, नियम आहे, मान्य. चार ठिकाणी गेले. फॉर्म तयार आहे, तपासा, तपासायचे पैसे घ्या, सही करा, एवढंच मागितलं. चौघांचं उत्तर एकच: 'नुसती सही करत नाही, पूर्ण पॅकेज घ्या.' पॅकेज अठरा हजारांचं! त्यात माझाच भरलेला फॉर्म ते परत भरणार. एकानं तर कागद उघडूनही पाहिले नाहीत. सहीची जबाबदारी असते, मला कळतं. पण न वाचताच नाही म्हणणं ही कसली जबाबदारी?

वर्षाची ऑडिट आम्ही कुणाकडून तरी करून घेणारच आहोत, ती कायद्यानं लागतेच. कंपनीच्या वार्षिक रिटर्नला उशीर झाला की फॉर्ममागे रोज शंभर रुपये दंड, तोही माहीत आहे. फुकटात काही नकोय आम्हाला. या एका सहीची फी सरकारनं ठरवून द्यावी, नाहीतर शून्य फीची जाहिरात तरी बंद करावी.

नावाची मुदत रविवारी संपते. कोल्हापुरात कुणी वाचून, तपासून, तेवढेच पैसे घेऊन सही करणारं असेल तर आजच सांगा. कागद घेऊन मी स्वतः येते.