हायपोत अ‍ॅसिड ओतायला सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

रविवारी सकाळी चहा हातात असतानाच भाच्याचा मेसेज आला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात युटिलिटीला, म्हणजे पाणी-वाफ-वीज पुरवणाऱ्या विभागात, लागून त्याला आठ महिने झालेत. 'मामा, हे खरंय का? साहेब म्हणतायत आज रात्रपाळीत करून बघू.' खाली लांबलचक फॉरवर्ड: 'कूलिंग टॉवरमधले बायोसाइड – केमिकल कंपन्यांनी लपवलेली 6 सत्ये.' दोन हिरवी पानं, जोडलेले हात, आणि शेवटी 'किमान दहा युटिलिटीवाल्यांना पाठवा'.

हेच पुराण मी निवृत्त मंडळींच्या दोन ग्रुपवर आधी पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. म्हातारे आहेत, पाठवू देत. पण आता ते घरात आलं, तेही रात्रपाळीच्या आधी.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यंत्रांमधून तापून आलेलं पाणी टॉवरमध्ये वरून सोडतात आणि पंखा त्यातून हवा ओढतो. थोड्या पाण्याची वाफ होते, उरलेलं थंड होऊन पुन्हा यंत्रांकडे जातं. पाणी कोमट, हवा भरपूर, वर ऊन आणि आसपासची सगळी धूळ धुऊन त्याच हौदात. जंतूंना आणखी काय हवं? त्यांना आवरायला जे औषध घालतात ते बायोसाइड.

आता ती सत्ये. क्रमाने जात नाही, कारण चौथं सत्य माणूस मारणारं आहे.

फॉरवर्ड म्हणतो: 'तीन लिटर हायपोत एक लिटर एचसीएल मिसळा. ताकद अनेक पटींनी वाढते, खर्च निम्मा.'

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 22 एप्रिल 1915 ला, बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांवर जर्मनांनी सोडला होता, तोच. हिशेब अवघड नाही, चहाच्या बशीशेजारी पाकिटाच्या मागे केला मी. बाजारातला ताजा हायपो साधारण 10 टक्क्यांचा धरा, म्हणजे लिटरमागे 100 ग्रॅम क्लोरीन. खोलीच्या तापमानाला त्याचा वायू होतो सुमारे 34 लिटर. तीन लिटरांचा झाला शंभराच्या वर. भाच्याची डोसिंगची, म्हणजे पाण्यात औषध सोडायची, खोली चार मीटर बाय तीन, उंची तीन, म्हणजे 36 हजार लिटर हवा. भागाकार केला तर जवळजवळ 2800 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 2800 भाग क्लोरीन. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, 'जिवाला तात्काळ धोका' अशी जी रेषा आखली आहे ती आहे 10 पीपीएमवर. मिश्रण नीट झालं नाही, दहावा हिस्साच वायू सुटला असं धरा. तरी रेषेच्या 28 पट. त्यात क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, तो जमिनीलगत साचतो. चक्कर येऊन जो खाली बसेल तो थेट त्यात बसेल.

आणि हे रात्रपाळीत, जिथे एक ऑपरेटर आणि एक हेल्पर असतो, त्यातला हेल्पर जेवायला गेलेला.

या सल्ल्यात अर्धा दाणा खरा आहे, म्हणूनच तो पसरतो. नाइलाजाने कबूल करतो. हायपो पाण्यात गेला की त्याची दोन रूपं होतात. एक जंतूंना पटकन मारणारं हायपोक्लोरस आम्ल, दुसरं त्याहून कितीतरी मंद असं हायपोक्लोराइट. कोणतं किती, ते पाण्याच्या पीएचवर ठरतं. साडेसात पीएचला निम्मं-निम्मं असतं. साडेआठला कामाचं रूप उरतं जेमतेम दहा टक्के. टॉवरचं पाणी हवेत खेळून खेळून आठाच्या वर जातंच, त्यामुळे पीएच उतरवला की हायपो जास्त काम करतो हे खरं. पण तो उतरवायचा हौदातल्या शेकडो हजार लिटर पाण्याचा. वेगळी टाकी, वेगळा पंप, वेगळ्या जागी थेंब थेंब सल्फ्युरिक, आणि वर पीएच मीटर. कॅनमध्ये नव्हे! कणकेत मीठ घालतात म्हणून कोणी पिठाचा डबा मिठागरात उलटत नाही. पीएच उतरवायचाच नसेल तर ब्रोमीनचा मार्ग आहे. साडेआठ पीएचलाही त्याचं निम्म्याहून जास्त कामाचं रूप टिकतं. महाग पडतं, पण फुप्फुसं शाबूत राहतात.

यानंतरचं मला सगळ्यात जास्त खटकलेलं, सहावं: 'लेजिओनेला हा गोऱ्यांचा रोग आहे, एसीत राहणाऱ्यांना होतो. आपल्याकडे भीती दाखवून माल विकतात.'

नाव फिलाडेल्फियाचं आहे, मान्य. 1976 च्या जुलैत तिथल्या हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं, लोक न्यूमोनियाने पटापट गेले, आणि पुढच्या जानेवारीत जंतू सापडला. पण मी फिलाडेल्फिया सांगणार नाही, मी उत्तर फ्रान्स सांगणार. पा-द-कालेचा भाग, 2003 चा नोव्हेंबर ते 2004 चा जानेवारी. प्रयोगशाळेत खात्री झालेले 86 रुग्ण, त्यातले 18 मेले. उगम हॉटेल नव्हतं, एसी नव्हता. पेट्रोकेमिकल कारखान्याचे कूलिंग टॉवर होते, आपण ज्याच्याखाली उभं राहून डबा खातो तसले. 2006 साली जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेसमध्ये त्याचा सविस्तर शोधनिबंध आला. त्यातल्या दोन गोष्टी मी पुढे प्रत्येक प्रशिक्षणात सांगितल्या. पहिली: टॉवरचा फवारा किमान सहा किलोमीटरपर्यंत पोचला होता. मेलेल्यांनी त्या कारखान्याचं गेट पाहिलंही नसेल. दुसरी गोष्ट ऐकून पोरं गप्प होतात. रुग्णांची एक लाट ओसरली आणि दुसरी आली, ती टॉवर उच्च दाबाच्या पाण्याने साफ करायला घेतले तेव्हा. म्हणजे भिंतीवर बसलेला जंतूंचा चिकटा धारेने उडवला आणि तो गावभर गेला.

आता भोसरी एमआयडीसीवर कंपास ठेवून सहा किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि आत किती घरं येतात ते बघा. हा जंतू 20 ते 45 अंशांत वाढतो. आपल्या टॉवरचं पाणी बाराही महिने त्याच पट्ट्यात असतं. 'आपल्याकडे होत नाही' म्हणणाऱ्याला एवढंच विचारायचं: न्यूमोनिया झालेल्या किती पेशंटची लेजिओनेलासाठी तपासणी होते? शोधलंच नाही तर सापडणार कुठून?

पहिलं सत्य: 'पाणी आरशासारखं स्वच्छ असेल तर बायोसाइडची गरज नाही.' अरे बाबा, जंतू पाण्यात पोहत बसत नाहीत, ते भिंत धरतात. हौदाच्या कडेवर पाण्याच्या रेषेखाली हातमोजा घालून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर संपलं. खरवडलंत आणि खालचा भाग काळा निघाला, सडक्या अंड्याचा वास आला, तर लोखंड खायलाही सुरुवात झालेली आहे. असा पातळ थर चिलरच्या, म्हणजे गारवा करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांत बसला की उष्णता अडवण्यात चुन्याच्या थराला चौपट भारी पडतो, कारण तो बहुतेक पाणीच असतो. विजेचं बिल वाढतं आणि मेंटेनन्सवाले कॉम्प्रेसरला शिव्या घालतात.

बोटावर विश्वास नसेल तर डिप स्लाइड घ्या. प्लास्टिकची छोटी पट्टी, दोन्ही बाजूंना जेली. पाण्यात बुडवायची, नळकांड्यात बंद करायची, 30 अंशांवर दोन दिवस ठेवायची. आम्ही नवीन होतो तेव्हा इन्क्युबेटर नव्हता, बॉयलर हाउसमधल्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचो. तिसऱ्या दिवशी काढली की लाल ठिपके. तुरळक असले तर ठीक. मिलिलिटरला दहा हजारांच्या वर गेले की डोसिंग तपासायचं, लाखावर गेले की त्याच दिवशी हातपाय हलवायचे. एकदा एका 'आरशासारख्या' पाण्याची पट्टी अशी निघाली होती की ठिपके वेगळे मोजताच येईनात, सगळी जेलीच लाल. त्या मॅनेजरने ती उजेडात धरून विचारलं, 'ही आधीपासूनच लाल होती का?'

दुसरं सत्य तांब्याचं: 'हौदात तांब्याच्या पट्ट्या सोडा, आपल्या पूर्वजांना माहीत होतं.' होतं, आणि बरोबरही होतं. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले जंतू मरतात हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे, माझी आई आजही तसंच पाणी पिते. पण लिटरभराच्या तांब्यात पाण्याला टेकणारा पत्रा असतो सुमारे 500 चौरस सेंटिमीटर, आणि पाणी रात्रभर हलत नाही. तेच प्रमाण 200 घनमीटरच्या हौदाला लावलं तर तांब्याचा पत्रा लागेल जवळजवळ अडीच एकर. शिवाय पाण्यात विरघळलेलं तांबं जाऊन बसतं लोखंडी पाइपवर, आणि तिथे बारीक खड्डे पाडत आरपार जातं. पूर्वजांच्या पाणवठ्यावर माइल्ड स्टीलची लाइन नव्हती.

तिसरं, गूळ घालून आंबवलेलं 'जिवाणू द्रावण' टॉवरला घालायचं. म्हणजे ज्यांना उपाशी मारायचं त्यांना जेवण वाढायचं. साखर कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, गोड रस जरा रेंगाळला की कशी शेंबडासारखी तार सुटते ते.

पाचव्या मुद्द्यात दोन तक्रारी आहेत. एक, 'दोन दोन बायोसाइड विकणं हा सेल्सवाल्यांचा खेळ.' दुसरी, 'शाम्पूतलंच रसायन टॉवरला विकतात.' दुसरी खरीच आहे. आयसोथायाझोलिनोन हे कुळ दोन्हीकडे वापरतात. मग? धुऊन टाकायच्या शाम्पूत युरोपने त्याच्या मिश्रणाला 15 पीपीएमची मर्यादा घातली आहे, कारण कातडीला त्याची अ‍ॅलर्जी जडते. कॅनमध्ये ते हजार पट तीव्र असतं. त्यामुळे 'शाम्पूतलंच आहे' म्हणून हातमोजे काढू नका. पहिल्या तक्रारीतही थोडं तथ्य आहे. गरज नसताना ड्रम गळ्यात मारणारे मी पाहिलेत, मासिक रिपोर्ट टेबलावर बसून भरणारेही पाहिलेत. पण हायपो वरवरचे जंतू मारतो आणि चिकट्याच्या आत शिरण्याआधीच खर्च होतो. आत पोचायला दुसऱ्या जातीचं औषध अधूनमधून लागतंच. ते घातल्यावर ब्लोडाउन, म्हणजे हौदातलं पाणी बाहेर सोडणं, काही तास बंद ठेवायचा, नाहीतर औषध थेट ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटात, जाऊन तिथले कामाचे जंतू मारतं. याबद्दल फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही, आणि खरी तक्रार करायची तर ही होती.

भाच्याला फोन केला. म्हटलं, साहेबाला माझा नंबर दे. तो म्हणाला, 'मामा, तसंही आमच्याकडे हायपो आणि एचसीएलचे कॅन एकाच कट्ट्यावर असतात. नरसाळंही एकच आहे.'

माझा चहा गार झाला होता. म्हटलं, बाकीचं राहू दे, आधी ते नरसाळं उचल. संध्याकाळी त्याने फोटो पाठवला: नवीन लाल नरसाळं हायपोच्या कॅनवर, एचसीएलचे कॅन भिंतीपलीकडे. जुनं कुठंय विचारलं, तर अजून उत्तर नाही.