चांदरच्या घरात पन्नास जण एकदम नेऊ नका

पुण्यातल्या धर्मग्रामांच्या (चर्चच्या पॅरिशच्या) गोवा सहलीचा साचा ठरलेला. ओल्ड गोवा, संत फ्रान्सिस झेविअरचं दर्शन, मिस्सा (चर्चमधली उपासना), मग बीच. त्यातला एक दिवस मडगावजवळच्या चांदरसाठी, तिथल्या मिनेझिस ब्रागांझा कुटुंबाच्या जुन्या, मोठ्या घरासाठी ठेवाच. मात्र ते म्युझियम नाही. तिथे माणसं राहतात, हे बसमध्येच सगळ्यांना सांगा.

आधी फोन करा आणि १२-१५ जणांचे गट पाडा. एक गट घरात असेल तेव्हा बाकीचे समोरच्या चर्चमध्ये थांबतील. ६ जानेवारी टाळा. त्या दिवशी तीन राजांचा सण असतो, गाव भरून जातं, बस लावायला जागा मिळत नाही. खोल्या वरच्या मजल्यावर आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना जिन्याची कल्पना आधीच द्या.

घराचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग आहेत, मालक वेगळे. देणगीही दोन्हीकडे वेगळी द्यायची. ‘पलीकडे दिली की’ म्हणून दारात हुज्जत घालणं अजिबात शोभत नाही. कौलं, वाळवी, दर पावसाळ्यातली ओल, एवढ्या मोठ्या घराला हे सगळं किती खातं याचा विचार करा. सहलीच्या वर्गणीतच ही रक्कम धरा, म्हणजे ऐनवेळी सुट्ट्या पैशांची शोधाशोध नको.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते नकळत. वेताच्या खुर्चीवर कुणी फोटोसाठी टेकतं आणि जुनी, कोरडी पडलेली वीण कडेला, लाकडाच्या भोकांपाशी तुटते. एक पदर सुटला की बाकीच्यांवर ताण येतो आणि अख्खी बैठक नव्याने विणावी लागते. जुन्या गोवेकर घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी पट्ट्यांत सरकवलेले असतात. बोटाने दाबलं की तडकतात, आणि तसे शिंपले आता सहज मिळत नाहीत. मुलांचा हात धरा, पाठीवरच्या सॅक बसमध्येच ठेवा, फोटो विचारूनच काढा.

पूर्वेकडच्या घरगुती चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनागृहात) संत झेविअर यांचं नख पवित्र अवशेष म्हणून जपलंय. तिथे दोन मिनिटं शांतपणे प्रार्थना करा.

पश्चिमेकडे मोठं ग्रंथालय आहे. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८-१९३८) इथलेच. १९०० मध्ये ‘ओ हेराल्दो’ हे वृत्तपत्र सुरू करणाऱ्यांपैकी एक आणि पोर्तुगीज राजवटीचे कडवे टीकाकार. पुढे १९५० मध्ये या कुटुंबाला घर सोडावं लागलं. गोव्यातले कॅथलिक म्हणजे पोर्तुगीजांची माणसं, असं आजही सर्रास बोललं जातं. आपल्या युवक गटाने त्याचं उत्तर या कपाटांसमोर उभं राहून ऐकावं. त्यासाठी घाई नको, या भागाला किमान पाऊण तास द्या.