आईचे गुडघे, पिशवीभर रिपोर्ट आणि एक पुडी

मागच्या महिन्यात आईला गुडघ्यांसाठी पहिल्यांदाच ऑर्थोपेडिक सर्जनकडे नेलं. तेव्हापासून चार जणांनी इनबॉक्समध्ये विचारलंय की जाताना काय काय न्यायचं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो, उगाच कमेंटमध्ये भांडू नका.

आई कोरेगावजवळच्या गावातून एसटीने अर्ध्या तिकिटात पुण्याला आली, हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि त्यात दहा वर्षांचे कागद. रक्ताचे रिपोर्ट, मोतीबिंदूचे कागद, आणि त्यात बाबांचा जुना ईसीजीपण, बाबांना जाऊन सहा वर्षं झाली तरी. रात्री ते सगळं फरशीवर पसरून बसलो आणि मग लक्षात आलं की हे बघायला डॉक्टरला वेळच नसणार. शेवटी एका कागदावर लिहून काढलं. बीपीची गोळी कोणती, शुगरची कोणती, आधीचं ऑपरेशन कधी झालं आणि तेव्हा भूल दिल्यावर काही त्रास झाला का, कशाची ॲलर्जी. तिला इकोस्प्रिन चालू आहे, ते सगळ्यात वर लिहिलं. रक्त पातळ करायची गोळी ऑपरेशनआधी थांबवायची का नाही हे डॉक्टर ठरवतात, आपण मनानं बंद करायची नाही.

एक्स-रेचा मात्र पोपट झाला. गावाकडे काढलेला एक्स-रे झोपवून काढलेला होता. डॉक्टरांनी उजेडात धरला आणि बाजूला ठेवून दिला, म्हणाले उभं करून काढून आणा. अंगाचं वजन पडल्यावरच दोन हाडांतली फट किती उरलीय ते नीट दिसतं म्हणे. मग खाली जा, परत पैसे भरा, परत नंबर लावा, दीड तास गेला. अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारून घ्या कसला एक्स-रे लागतो ते.

आता खरा मुद्दा. आपल्या आया डॉक्टरसमोर खोटं बोलतात. रात्रभर कण्हणारी बाई आत गेल्यावर डॉक्टरांनी "मावशी, किती चालता?" विचारलं तर म्हणते, "चालते की चांगली." आणि आपण शहाणे लेक मधेच तोंड घालून तिच्या वतीनं बोलतो, मग ती पूर्णच गप्प. मी आधीचे आठ दिवस रोज फोन करून वहीत लिहून ठेवलं होतं, रात्री किती वेळा जाग आली, देवळाच्या पायऱ्या चढली का, दुखायची गोळी किती घेतली. ती वही डॉक्टरांनी दोन मिनिटं शांतपणे वाचली. पिशवीला कुणी हात लावला नाही.

आणि पुडी. "आणखी काही औषध घेता का?" तर आई म्हणाली नाही. मी खिशातून प्लॅस्टिकची पुडी काढून टेबलावर ठेवली, मामानं कुठल्यातरी वैद्याकडून आणलेली पिवळट पावडर, दीड वर्ष रोज सकाळी चिमूटभर. आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तिची चोरी पकडून दिली. डॉक्टरांचं पेन थांबलं. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, म्हणून लगेच बरं वाटतं, पण शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, ऑपरेशननंतर जखम भरायला त्रास होतो. आणि दीड वर्ष घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणंही धोक्याचं, त्यामुळे आधी फिजिशियनला दाखवा म्हणाले. ही पुडी लपून राहिली असती तर काय झालं असतं याचा मी अजून विचार करत नाही.

पैशाचं विचारायला लाजू नका. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे ऑपरेशनमध्ये बसवतात त्या कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारनं ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली, पण रूम, सर्जनची फी, फिजिओ हे सगळं वेगळं असतं आणि पॅकेजमध्ये काय धरलंय ते लिहून मागायचं. मेडिक्लेम असेल तर वेटिंग पिरियड, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर अशा ऑपरेशनचे पैसे मिळत नाहीत तो काळ, संपलाय का ते घरूनच बघून जा. आणि "आत्ता नाही केलं तर काय होईल?" हे विचाराच. आम्हाला उत्तर मिळालं की घाई नाही, आधी वजन कमी करणं आणि मांडीचे व्यायाम, तीन महिन्यांनी या.

उठता उठता आई स्वतःहून बोलली, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशननंतर खाली बसून भाकरी करता येईल का?" माझ्या यादीत चौदा प्रश्न होते, त्यात हा नव्हता. डॉक्टर म्हणाले मावशी, मांडी घालून आणि उकिडवं बसणं टाळावं लागेल, ओटा करून घ्या, आणि संडासात कमोड. आई हो म्हणाली. रिक्षात मात्र एक शब्द बोलली नाही, चूल कुठं हलवायची याचाच विचार चालला असणार.

परवा फोनवर सांगत होती, कालनिर्णयच्या पानामागे डॉक्टरला विचारायचं लिहून ठेवतीय, चार झाले. पहिला प्रश्न, पावसाळ्यात चिखलातून रानात जाता येईल का. आणि हो, मामा नवीन पुडी घेऊन आला होता. तिनं ठेवून घेतली, म्हणे नाही म्हणलं तर त्याला वाईट वाटतं. उद्या गावी निघालोय, आधी मामाकडे जाणार.