शाळा प्रतिभा मारते, मग शिक्षकाने शिकायचे कशाला?

पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश थोड्याफार फरकाने वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा: ‘नासा’ने सोळाशे मुलांची चाचणी घेतली, तेव्हा पाचव्या वर्षी ९८ टक्के मुले प्रतिभावंत निघाली, दहाव्या वर्षी ३०, पंधराव्या वर्षी १२ आणि मोठेपणी अवघे २ टक्के उरले. शाळाच सर्जनशीलता मारते, हे यावरून सिद्ध होते. प्रतिभा उपजत असते, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, ती शिकवून येत नाही. म्हणून प्राथमिक शिक्षकाने सर्जनशीलता व प्रतिभासंवर्धन हा विषय घेऊन पदव्युत्तर पदवी मिळवणे म्हणजे बढतीसाठी जमवलेला कागद होय. लहान मुलांना माया लागते, पदवी नव्हे. शेवटी परीक्षा नसलेल्या फिनलंडचा दाखला असतो आणि संदेश पुढे पाठवण्याची विनंती. तो पुष्कळांना पटतो, म्हणूनच त्यातील एकेक मुद्दा तपासून पाहायला हवा.

प्रथम आकडे. ते जॉर्ज लँड या अमेरिकी लेखकाचे आहेत. त्यांच्या सांगण्यानुसार १९६८ मध्ये त्यांनी ‘हेड स्टार्ट’ या बालशिक्षण योजनेतील मुलांना एक चाचणी दिली आणि ती, नासाला अभियंते व शास्त्रज्ञ निवडता यावेत म्हणून त्यांनी आधी तयार केलेल्या चाचणीवर बेतलेली होती. नासाचा संबंध एवढाच. आकडे लोकांपर्यंत पोहोचले ते लँड आणि बेथ जार्मन यांच्या १९९२ च्या पुस्तकातून. गुणदान कसे केले आणि ‘प्रतिभावंत’ ठरवण्याची रेषा कोठे आखली, हा तपशील तज्ज्ञांनी पारखलेल्या संशोधनपत्रिकेत आलेला नसल्यामुळे तो कोणाला पडताळता येत नाही. शिवाय २ टक्क्यांचा आकडा त्याच मुलांच्या मोठेपणचा नाही. तो २ लाख ८० हजार प्रौढांच्या वेगळ्याच गटाचा आहे. एका गटातील मुले आणि दुसऱ्या गटातील मोठी माणसे शेजारी ठेवून कोणाचीही घसरण सिद्ध होत नाही.

अशा चाचण्या नेमके काय मोजतात, हेही पाहण्यासारखे आहे. जे. पी. गिलफर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात सर्जनशीलतेच्या अभ्यासाचा आग्रह धरला, आणि पुढे ई. पॉल टॉरन्स यांनी १९६६ मध्ये मुलांसाठी चाचणीसंच प्रसिद्ध केला. प्रवाहिता (उत्तरांची संख्या), लवचीकता (उत्तरांचे वेगवेगळे प्रकार), मौलिकता (उत्तराचे वेगळेपण) आणि विस्तार (तपशील भरणे) या त्यांच्या कसोट्या अध्यापक महाविद्यालयांत आजही शिकवल्या जातात. गिलफर्ड यांच्या पठडीतला एक परिचित प्रश्न विटेचे उपयोग सांगण्याचा आहे. समजा, एका मुलीने घर, भिंत, कुंपण आणि कट्टा बांधणे असे लिहिले, तर उत्तरे चार झाली, पण सगळी बांधकामाची. म्हणून प्रवाहिता चार आणि लवचीकता एक. दुसरीने तीन विटांची चूल, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावलेले टेकण, क्रिकेटचा स्टंप आणि भुकटी करून रांगोळीत भरायचा लाल रंग असे लिहिले, तर उत्तरे तेवढीच असूनही लवचीकता चार होते, आणि शेवटचे उत्तर इतर मुलांत क्वचित येत असेल तर मौलिकतेचे गुणही मिळतात. शिक्षकाच्या हाती हे साधन उपयुक्त आहे, पण ते एका प्रकारच्या विचारक्षमतेचे माप आहे. त्यावरून देशातील मुलांत प्रतिभावंत किती, याची शिरगणती होत नाही.

शाळेबद्दलच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. चौथीच्या सुमारास मुलांचे गुण घसरतात, असे टॉरन्स यांनाच १९६० च्या दशकात आढळले होते. क्योंग ही किम यांनी २०११ मध्ये अमेरिकेतील अनेक दशकांचे गुण एकत्र तपासून १९९० नंतरची घट नोंदवली आणि ती धाकट्या इयत्तांत अधिक ठळक असल्याचे दाखवले. तरीही चौथीची घसरण सर्वत्र सारखी नाही. नंतरच्या काही अभ्यासांत ती दिसलीच नाही. घसरण कोठे होते आणि कोठे होत नाही, हे बदलत असेल तर तिचे कारण वयापेक्षा वर्गात शोधावे लागेल, आणि वर्गात काय घडते हे बरेचसे शिक्षकाच्या हाती असते. येथेच संदेशाचे दोन पाय दोन दिशांना जातात. पाच वर्षांत प्रतिभा मारण्याइतकी शाळा प्रबळ असेल, तर ती जोपासण्याच्या बाबतीतच ती दुबळी कशी ठरते?

‘प्रतिभा उपजत असते’ हा दुसरा मुद्दा. उपजत भेद असतात, हे कोणीही नाकारत नाही. प्रश्न आहे तो ते पाळण्यात ओळखता येतात का, हा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ल्युइस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातील दीड हजार कुशाग्र मुले बुद्ध्यंकावरून निवडून आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. या निवडीत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुले गुण कमी पडल्याने बाहेर राहिली. पुढे १९५६ आणि १९६८ मध्ये दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात सरासरीहून अधिक क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामातली चिकाटी या तीन वर्तुळांच्या छेदात प्रतिभा शोधली जाते, आणि तिसरे वर्तुळ तर काम दिल्याशिवाय दिसतच नाही. पुण्यात १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीनेही एका बुद्ध्यंकावर न थांबता गिलफर्ड यांच्या बुद्धीविषयीच्या प्रतिमानावर आधारित चाचण्या वापरल्या, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिकवून काही फरक पडतो का, याचेही उत्तर उपलब्ध आहे: स्कॉट, लेरिट्झ आणि ममफर्ड यांनी २००४ मध्ये ७० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सुनियोजित प्रशिक्षणाने सर्जनशील विचारात वाढ होते असे दिसले. संदेशाच्या काही आवृत्त्यांत सचिन तेंडुलकर यांचे उदाहरण असते. रमाकांत आचरेकरांच्या हाताखालची वर्षे वगळून ते ज्यांना सांगता येते त्यांचे कौतुकच करावे.

‘माया पुरते’ हा मुद्दा सर्वांत गोड आणि सर्वांत घातक आहे. माया असलेला शिक्षकही कोणाला हुशार म्हणतो? वेस्टबी आणि डॉसन यांच्या १९९५ च्या अभ्यासात शिक्षकांनी सर्जनशील मुले आपल्याला आवडतात असे सांगितले. पण त्यांच्या आवडत्या विद्यार्थ्यांचे गुणविशेष सर्जनशील मुलांच्या गुणविशेषांशी जुळले नाहीत. स्वच्छ वही, सुवाच्य अक्षर आणि ‘हो बाई’ म्हणणारा स्वभाव यांना प्रतिभा समजणे आपल्याकडेही नवे नाही. फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्यात पूर्वी शिक्षक-पालकांच्या शिफारशीवरून प्रज्ञावंत मुले चाचणीला पाठवली जात. सर्वच मुलांची प्राथमिक चाळणी सुरू झाल्यावर, डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांना असे आढळले की निवडल्या गेलेल्या वंचित मुलांचे प्रमाण १८० टक्क्यांनी वाढले. ती मुले आधीही त्याच वर्गांत बसत होती. ती दिसत नव्हती.

मूल ओळखल्यावर पुढे काय करायचे, याचेही तंत्र आहे. रेन्झुली यांच्या ‘अभ्यासक्रम आटोपशीर करण्याच्या’ पद्धतीत पाठ सुरू करण्यापूर्वीच चाचणी घेतात, मुलाला येणारा भाग वगळतात आणि वाचलेला वेळ त्याने निवडलेल्या खोल कामाला देतात. सॅली रीस यांच्या अभ्यासात अशा मुलांसाठी ४० ते ५० टक्के भाग वगळूनही त्यांचे गुण कमी झाले नाहीत. चाळीस मुलांच्या वर्गात हे बसवायचे तर पूर्वचाचणी रचता आली पाहिजे, नोंदी ठेवता आल्या पाहिजेत आणि वाचलेल्या तासाला ‘आणखी दहा उदाहरणे सोडव’ असे सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. हे मायेतून आपोआप सुचत नाही.

आपल्याकडील पदवी नेहमी हे शिकवते का? नाही. पुष्कळ ठिकाणी ती टिपणांवर निभावली जाते, आणि बढतीचा टोमणा अगदीच निराधार नाही. परंतु सोय अस्तित्वात आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या एम.एड.मध्ये प्राथमिक शिक्षण हे विशेषीकरण घेता येते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २००६ मध्ये प्राथमिक शिक्षणातील एम.ए. सुरू केले, तेही नोकरी सांभाळून करता येईल अशा रचनेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बी.एड.मध्ये प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणाचे विशेषीकरण देता येईल असे म्हटले. ‘देता येईल’ एवढेच म्हटले, याबद्दल तक्रार करता येईल. पण वाईट अभ्यासक्रम सुधारण्याची मागणी करणे वेगळे आणि शिक्षकाने शिकूच नये असे म्हणणे वेगळे.

राहता राहिला फिनलंड. तेथे शालेय वर्षांत राष्ट्रीय परीक्षांचा ससेमिरा नाही, हे खरे आहे. मात्र पहिली ते सहावीच्या वर्गशिक्षकाला तेथे पदव्युत्तर पदवी अनिवार्य आहे, आणि हा दंडक १९७९ पासूनचा आहे. सुमारे पाच वर्षांचा, ३०० श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हा अभ्यासक्रम विद्यापीठात पूर्ण करावा लागतो आणि त्यात स्वतः संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. मुलाची प्रगती जोखण्याचे काम परीक्षा मंडळाऐवजी त्या शिक्षकाकडे सोपवले जाते, ते या तयारीच्या भरवशावर. फिनलंडविषयीच्या ओळीत एवढी माहिती घातली, तर पदवीला कागद म्हणणारी त्याच संदेशातली ओळ खोडावी लागेल.